चुलीवर लोटलेली माती

दादा,

“तोंड शिवून घे बे! त्या कोरकूचं आपल्याले काय?” असं म्हनून तू मले ढकललं. म्या भाकर फेकली ते चुकलं, पन भुऱ्यानं वनवा लावला नाही असं बोललो ते चुकलं नाही.

गाडीत बांबू भरून जंगलातल्या पडावावरून निंगतानी तूच इचारलं होतं, “चूल इझवली ना? राखंत हात घालून पाह्यला ना?” म्या हाव म्हनलं. ते खोटं होतं. घागरीत उरलं होतं तेवढं पानी म्या तांबड्याले पाजलं, बैलाची जीभ भाएर आली होती. चुलीवर नुसती माती लोटली. खाली सागाचा वाळला पाला होता.

जंगलाचा नाकेदार म्हनते, भुऱ्या कोरकूनं मोहाची फुलं येचासाठी झाडाखालचा पाला पेटवला, त्यानंच वनवा लागला. काल म्या जाऊन पाह्यलं. भुऱ्याच्या मोहाखाली पाला तसाच पडून हाय. जंगल काळं झालं ते आपल्या चुलीच्या तीन दगडांपासून. त्याची म्हातारी माय झोपडीत जळून मेली अन् बेड्याबी त्यालेच. तिले माती द्यालेसुद्धा सोडलं नाही त्याले.

मायले सांगजो, मी बाजाराले गेलो. तांबड्याच्या खुराले हळद-तेल लाव. पुढच्या खेपीले दोन घागरी घेजो, अन् राखंत हात तू सोताच घालजो, कोनाले इचारू नको.

मांगं येऊ नको. आला तरी मी नाकेदाराले सांगनारच. भुऱ्याले दुपारी तालुक्याले नेनार हायेत. मले आता निंगाच लागते.