चित्रावरचा घाव बुजवू नये

आमच्या घरातल्या चित्रात जो माणूस आहे, त्याचे नाव काय होते? मला माहीत नाही. गावात कोणालाच माहीत नाही. माझ्या पणजोबांनी त्याला ठार मारले, एवढेच माहीत आहे.

मी, अपोलोनिया व्रोना, वय सव्वीस, शिक्षिका, राहणार झालेस्ना वोला, पूर्ण शुद्धीत, कोणी हात धरून न लिहवता, हे माझे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे. पण आम्हा शेतकऱ्यांचा संप चालू आहे. शहराला दूध नाही, धान्य नाही, रस्ते अडवलेले आहेत. परवा शेजारच्या गावात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माझ्या वर्गातल्या यादविगाच्या वडिलांचा जबडा उडाला. ते संध्याकाळपर्यंत जिवंत होते. उद्या पोलीस आमच्या पुलावर येणार आहेत आणि मी तिथे उभी राहणार आहे. शिवाय हवेलीतल्या कारकुनाचा जीव आमच्याच माणसांना हवा आहे. त्याबद्दल पाचव्या कलमात.

कलम एक. क्राकुफ विद्यापीठाच्या पदवीचा कागद आईचा. त्यासाठी तिने गाय विकली. तिला तो वाचता येत नाही, पण उलटा टांगला तर लगेच कळते.

कलम दोन. नदीकाठची माझ्या वाट्याची जमीन भाऊ शिमोन याला. अट अशी की त्याने बायकोवर हात उचलला तर ती जमीन तिची. तो उचलतो. ती म्हणते, दारावर आपटले. आमचे दार इतके वाईट नाही.

कलम तीन. पुस्तके शाळेला. शाळेचे जुने पिएत्रास गुरुजी यांना काहीही देऊ नये, माझ्या शवपेटीला हातही लावू देऊ नये. चौथीच्या पुस्तकात थोर लेखक हिपोलित रुदोव्स्की यांचे चित्र होते: काळे कुरळे केस, उघडा गळा, मागे वादळ. मी म्हणाले, "गुरुजी, हे तर आमच्या पिठाच्या पेटीचं झाकण." थोरांची टवाळी केली म्हणून त्यांनी छडी मोडेपर्यंत मारले. माझी डावी करंगळी अजून वाकत नाही.

कलम चार. ते झाकण, म्हणजे मूळ तैलचित्र, शाळेला. त्याची हकीकत माझ्या पणजीने आजीला सांगितली, आजीने मला.

रुदोव्स्की आमच्या गावचे जमीनदार. राहायचे ल्वूफ शहरात, इकडे यायचे ते शिकारीपुरते. चित्रकार आला तेव्हा त्यांना तासन्‌तास उभे राहण्याचा कंटाळा. मग हवेलीत कारभाऱ्याच्या मुलांना शिकवायला ठेवलेल्या तरुण मास्तरला मालकांचा कोट घालून उभे केले. अंग त्याचे काढायचे आणि चेहरा मागाहून मालकांचा बसवायचा, असे ठरले होते. तोवर जागा भरायला चित्रकाराने मास्तरचाच चेहरा काढून ठेवला. पणजी तिथे शेगड्या साफ करीत होती. मालक आले, चित्रासमोर उभे राहिले, टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चेहरा राहू दे. मी असाच आहे." त्यावरून ठसे काढून त्यांच्या पुस्तकांत छापले; शाळेच्या पुस्तकात आले ते तेच.

१८४६ च्या फेब्रुवारीत आमची माणसे हवेलीवर चालून गेली. वेठबिगारीने पाठी सोललेली माणसे होती ती. मी त्यांची वकिली करीत नाही, त्यांना नाकारीतही नाही. मालकांना त्यांच्यापैकी कोणी जवळून पाहिले नव्हते. पणजोबांनी भिंतीवरचे चित्र उतरवले आणि त्या तरुणाच्या तोंडाशेजारी धरले.

"मी मालक नाही हो. मी मास्तर आहे."

"मग भिंतीवर काय तुझा जुळा भाऊ होता?"

लोक हसले. मग मळणीचे दांडके पडू लागले. पणजी ओरडत होती की हा तो नव्हे. कोणीतरी तिला पेटत्या शेगडीवर ढकलले. मास्तर तोंड झाकत होता म्हणून आधी त्याचे हात मोडले. शेवटी पणजोबांनी कुऱ्हाडीने मान तोडली आणि मेलेला मालक पुन्हा उठू नये म्हणून तसाच घाव चित्रातल्या गळ्यावरही घातला.

काही दिवसांनी खरे मालक तेव्हाच्या ऑस्ट्रियन सरकारचे शिपाई घेऊन आले. जाडे, टकले, धडधाकट. पुढे पुष्कळ वर्षे जगले. त्या कत्तलीवर त्यांनी लिहिले, त्यात मास्तर नाही. पणजोबांनी चित्र पिठावर झाकण म्हणून ठेवले, चेहरा आत करून.

मालकांचे पणतू गेल्या वर्षी दारात आले. "आमच्या पणजोबांचं चित्र द्या. घाव बुजवून घेतो."

मी म्हणाले, "तुमच्या पणजोबांचं नाही ते. माझ्या पणजोबांचं पाप आहे, आमच्याच गावात राहील."

तर घाव बुजवू नये. खाली रुदोव्स्कींचे नाव लावू नये. मुलांनी विचारले तर सगळे सांगावे, हात मोडल्याचेसुद्धा.

कलम पाच. सायकल, तसेच बाबांचा रविवारचा कोट व टोपी. यांपैकी काहीच कोणाला देता येत नाही. कारण असे.

परवा पोलिसांना बोलावणारा फोन हवेलीतल्या लुद्विक कारकुनाने केला, असे शिमोन म्हणतो. काल जेवताना मी विचारले, "तू ऐकलंस त्याला बोलताना?"

"पोलिसांच्या गाडीशेजारी उभा होता."

"गाडीशेजारी गायही उभी होती."

"पोला, शिकलीस ते ठीक आहे. बटाटे खा."

"काय करणार आहात त्याचं?"

"विचारपूस." तो हसला. बाबांनी ताकाच्या वाडग्यातून मान वर केली नाही. दारामागे गवत कापायच्या लांब कोयत्याचे पाते दांड्याला भाल्यासारखे सरळ ठोकून ठेवले होते. तसे ठोकल्यावर त्याने गवत कापत नाहीत.

फोन त्याने केलाही असेल. आज दुपारी गाव पुलावर असताना मी हवेलीत गेले. बाबांचा कोट त्याच्या अंगात घातला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, सायकल हातात दिली.

"बाई, तो फोन मी..."

"मला सांगू नका. निघा."

तो नदीच्या वाटेने रेल्वे स्टेशनकडे गेला. मग मी पुलावर गेले आणि, संशयाने भलत्याच कोणाला धरू नये म्हणून, शिमोनला सगळ्यांसमोर सांगितले, की मी त्याला घालवून आले. त्याने माझ्या तोंडात मारली. दात हलतो आहे. कारकून एव्हाना आगगाडीत बसला असेल, आणि त्याला कोणी जाऊ दिले हे आता साऱ्या गावाला माहीत आहे.

सही: अपोलोनिया व्रोना

आमच्यासमोर लिहिले, मजकूर तिचा, अक्षर तिचे:
१. टेक्ला वोइतास, शिवणकाम
२. मातेउश कुलिग, चर्चमधला ऑर्गनवादक

झालेस्ना वोला, १९ ऑगस्ट १९३७