डांबरगोळीचा द्रवणांक

४ नोव्हेंबर
ही लेकीकडे गेली, त्याला कारण एकच: डांबरगोळ्या. मी म्हटलं, कपाटातल्या गोळ्या म्हणजे नॅफ्थॅलीन, ऐंशी अंशांना वितळणार. ही म्हणाली, या नव्या गोळ्यांचा वास वेगळा येतोय, हे काहीतरी दुसरंच आहे. मी हसलो. जरा जास्तच हसलो असेन. जन्मभर केमिस्ट्री शिकवलेल्या माणसाने हसायचंही नाही? तिने बॅग भरली. हवापालट होईल, बरंच आहे.
संकल्प: कॉलेजच्या लॅबमध्ये द्रवणांक काढायचा. ऐंशी आला की फोन. पुरावा समोर ठेवल्यावर राग राहतोच कुठे!

५ नोव्हेंबर, सकाळी
विभागप्रमुख बाई माझीच जुनी विद्यार्थिनी. सर, केव्हाही या, म्हणाली. गोळी कुटली, केशनळीत भरली, नळी थर्मामीटरला दोऱ्याने बांधून पॅराफिनच्या तेलात सोडली. बर्नरची ती निळी ज्योत! शाळेत गुरुजींनी चालीवर शिकवलेली कविता ओठांवर आली. दुसऱ्या कडव्यात होतो, इतक्यात नळीतल्या पुडीचं पाणी. त्रेपन्न.
त्रेपन्न? तंद्रीत आकडा चुकला असणार.

६ नोव्हेंबर
आज कविता बंद. पुन्हा त्रेपन्न. थर्मामीटर खराब आहे. हल्ली कॉलेजं काहीही विकत घेतात.
लेकीला फोन केला. म्हटलं, आईला सांग, निकाल जवळ आलाय. कसला निकाल, बाबा? सांगितलं. मग विचारते, जेवलात का? विषय बदलायची सवय आईकडूनच उचलली आहे.

८ नोव्हेंबर
विभागप्रमुख बाईने त्याच थर्मामीटरवर लॅबच्या बाटलीतलं शुद्ध नॅफ्थॅलीन लावलं. ऐंशी, अगदी रेषेवर. हळूच म्हणाली, सर, थर्मामीटर ठीक आहे. गोळीच दुसऱ्या कशाची असेल, बाजारात तशाही मिळतात. मी म्हटलं, तू अजून लहान आहेस. तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत, पण ते असो.

९ नोव्हेंबर
शेवटचा उपाय. गोळीची पूड आणि बाटलीतलं नॅफ्थॅलीन एकत्र घोटायचं. दोन्ही एकच असतील, तर मिसळल्याने काही बिघडत नाही. वेगळे असतील, तर दोघंही वेळेआधीच ढासळतात. किती वर्गांना हे फळ्यावर लिहून दिलं!
चाळिशीसुद्धा गाठली नाही. नळीत आधीच पाझर सुटला.
म्हणजे ही बरोबर होती. नुसत्या नाकाने.
निराश व्हायचं कारण नाही. उलट उत्तमच झालं, तिला हेच तर ऐकायचं होतं! संध्याकाळी फोन करायचा: तू जिंकलीस, आता ये. वाक्य वृत्तात बसवून पाहिलं, झकास बसलं. घर झाडलं. उशांचे अभ्रे बदलले. दोन्ही उशांचे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ही फोनवर आली नाही. लेकीजवळ निरोप दिला. ती आत जाऊन आली. म्हणाली, आई म्हणते, मला ते ठाऊकच होतं. माझा शब्द पुरेसा नव्हता ना? लॅबने सांगावं लागलं. कपाळ दुखतंय म्हटलं, तरी यांना आधी ताप मोजायचा असायचा.
मी म्हटलं, अगं पण आता सिद्ध झालंय ना!
पलीकडून हुंदक्यासारखं काहीतरी. लाइन खराब असेल. मग म्हणाली, बाबा, गोळ्यांचं काय घेऊन बसलात? आई आता इथेच राहणार आहे. तिचे कपडे तेवढे काढून ठेवा.
रागाच्या भरात बोलतात माणसं. निवळेल.

११ नोव्हेंबर
जावई येऊन कपडे घेऊन गेले. स्वेटर मीच घडी घालून दिले. पायऱ्या उतरताना थांबून त्यांनी विचारलं, आईंना काही सांगायचंय का? वृत्तातलं वाक्य तोंडपाठ होतं. ऐनवेळी एक अक्षर आठवेना. विचारलं, तिचं कपाळ दुखायचं कसं आहे?
जावई माणूस भला. खाली बघत म्हणाले, आमच्याकडे आल्यापासून एकदाही दुखलं नाही.