फाटकापर्यंतची पावलं

डनेडिन,
१० ऑगस्ट १९८६

चि. मॉराग हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तुझ्या गावातल्या रोपांच्या नर्सरीची मालकीण माझ्यासाठी जागा सप्टेंबरअखेरपर्यंतच धरून ठेवणार, हे तू दोनदा अधोरेखित केलंस. एकदा पुरलं असतं, बाई. मी पन्नाशीला आले आहे, आंधळी झालेली नाही. मला ती नोकरी हवी आहे. काही हवंसं वाटण्याची सवयच राहिली नव्हती, म्हणून हे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतंय.

पण इथलं तुला माहीत आहे. बाबांनी जन्मभर बोलिंग क्लबची हिरवळ राखली. आता काठी घेऊन खिडकीत बसतात आणि घरापुढची हिरवळ माझ्याकडून राखून घेतात. आपली बाजू सावलीची, त्यात शेजारचं मॅक्रोकार्पाच्या दाट झाडांचं उंच कुंपण. गवत कमी नि शेवाळच जास्त. निघायचा विषय काढला की म्हणतात, शेवाळ तेवढं मार नि मग खुशाल जा. गेल्या वर्षी मारलं, तर म्हणाले, आता बी पेर. गवत उगवलं तर त्यात डेझी नि डँडेलियन माजले, मग ते मुळासकट उपट. तोवर पुन्हा शेवाळ हजर. घाण्याच्या बैलाला निदान तेलाचा वास तरी येतो.

यंदा मात्र ठरवलंय. १२ सप्टेंबरला सकाळी शेवाळावर हिराकसाचं पाणी शिंपडते आणि दुपारच्या बसने निघते. तू ठरवलेली मदतनीस बाबांना नको आहे. परक्या हातची लापशी घशाखाली उतरत नाही म्हणे. बघू.

मुलांना पापे. तुझ्याकडचा लोभ आणि ऊन, दोन्ही थोडं इकडे वळव.
तुझी,
इसोबेल

नेल्सन,
१४ सप्टेंबर १९८६

ती. इसोबेलताईस,
सा. न. वि. वि. काल बसमधून शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी उभी होते. ड्रायव्हरला आत वाकून बघायला लावलं. घरी आले तर तुझी तार: बाबांना चक्कर आली, येत नाही.

घाबरून फोन लावला. तू बाहेर गेली होतीस, बाबांनीच घेतला. चक्कर कुणाला, असं त्यांनी मलाच विचारलं. आदल्या रात्री दोनदा मटण वाढून घेतलं होतं म्हणे! मग विचारलं, तुझ्या झाडाला लिंबं लागलीत का? असतील तर पेटीभर पाठव. तुला सर्दी झाली असेल असं मला वाटलं. उद्याच्या बसने पाठवते.

ताई, खरं काय झालं? मी रागावले आहे, पण रागापेक्षा भीती जास्त आहे. तू त्या सावलीत म्हातारी होशील आणि मी दर सप्टेंबरात बसस्टँडवर उभी राहीन. मालकिणीकडून आणखी दोन आठवडे मागून घेतलेत. खोटं बोललीस तरी माझी माया आटत नाही, हे लक्षात असू दे.
तुझी,
मॉराग

डनेडिन,
२१ सप्टेंबर १९८६

चि. मॉराग हिस,
अनेक आशीर्वाद. चक्कर कुणालाच आली नव्हती. हिराकस शिंपडून झालं, ओल्या बुटांवरच कोट चढवला, बॅग उचलली. शेजारच्या मिसेस टॅव्हेनडेल गाडी घेऊन फाटकाबाहेर थांबल्या होत्या. कडीला हात लावला आणि मागे वळून पाहिलं. बाबा खिडकीत नव्हते. मला जाताना बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. ती रिकामी खुर्ची मला बघवेना. परत फिरले. मिसेस टॅव्हेनडेलना चक्कर सांगितली, मग तुलाही तीच. फोनवर रडू फुटलं असतं, म्हणून तार केली.

दुसऱ्या दिवशी शेवाळ काळं पडलं आणि काँक्रीटच्या वाटेवर हिराकसातल्या लोहाच्या गंजाचे तांबूस ठसे उठले. हिराकस लागलेल्या बुटांनी वाटेवर यायचं नाही, हे लहानपणापासून ओरडा खात शिकलेय, तरी तेच केलं. दारापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पुन्हा दारापर्यंत माझीच पावलं. येणारा-जाणारा बघत होता. लाजेने मेल्यासारखं झालं.

काल दुकानातून आले तर बाबा वाटेवर गुडघे टेकून बसलेले. काठी बाजूला पडलेली, गंजावर चोळायला तुझी लिंबं अर्धी करून ठेवलेली, हातात तारेचा ब्रश. मी किंचाळलेच. त्यांनी मान वर केली नाही. म्हाताऱ्याला डाग सहन झाला नाही, असं वाटलं. जवळ गेले तेव्हा दिसलं, की घराकडे येणारे ठसेच तेवढे घासून काढलेत. फाटकाकडे जाणारे जसेच्या तसे. म्हणाले, उलटे होते ते काढले, सरळ आहेत ते राहू देत, नाहीतर पुन्हा वाट चुकशील. मी शेवाळाचं विचारलं. तर म्हणाले, सावली आहे तोवर ते येणारच, त्याच्यापायी माणूस कशाला अडकवून ठेवायचं? मग म्हणाले, आता मला उठव, गुडघे धरलेत. आम्ही दोघं तिथेच रडलो. हे लिहिल्याचं त्यांना कळवू नकोस.

मदतनीस आज येऊन लापशी करून गेली. बाबा मीठ कमी म्हणून कुरकुरले आणि वाडगा चाटूनपुसून साफ केला.

शुक्रवारच्या बसने निघते. लिंबं आता पाठवू नकोस. लोभ बसस्टँडवर समक्ष घेईन. आणि मी फाटकातून वळून पाहीन तेव्हा बाबा खिडकीत असतील. तसं त्यांनी कबूल केलंय.
तुझी,
इसोबेल