स्कॅनमधली काळी जागा

म्हैसूर, मंगळवार

ती. ताईला नमस्कार,

फोनवर आई शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहितोय. तिचे गुडघे कसे आहेत?

काल माझ्या हृदयाचा स्कॅन झाला. आदल्या दिवसापासून कॉफी बंद, म्हैसुरात ही शिक्षाच! किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन दोनदा फोटो काढले, आधी आराम करताना, मग ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून. दोन्हींत एक जागा काळीच राहिली, म्हणजे तिथे रक्त पोचतच नाही.

डॉक्टर म्हणाले, "पूर्वी कधीतरी झटका येऊन गेलाय, तुम्हाला कळलाच नाही." गोळ्या चालू केल्यात, काळजी करू नकोस. आईला मात्र सांगू नकोस.

बाबांना खांदा देताना माझ्या छातीत कळ आली होती, आठवतं? तू म्हणालीस, "रडून घे, मोकळं वाटेल." मी रडलो, आणि खरंच थांबली गं ती.

तुझा धाकटा,
विक्रांत