पेटीवरची चादर

कुकटपल्ली, हैदराबाद
३ नोव्हेंबर २०२५

ती. त्रिवेणीआत्यांस निशिगंधाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीड पोस्टाने लिहिते. तन्वीच्या वाढदिवसाला आदर्श यांनी बाजारातून लिंबाएवढे कासवाचे पिल्लू आणले. विकणारा म्हणाला होता, पाण्यात सोडा, बाकी फिकर नक्को. आम्ही काचेच्या टाकीत पाणी भरून ठेवले. कालपर्यंत ते काचेवर धडकत होते. आज डोळेही उघडत नाही. आपण शाळेत गेलो तर ते मरेल, या धास्तीने तन्वी घराबाहेर पडत नाही. तुम्ही जन्मभर जीवशास्त्र शिकवलेत. काय करू?

तुमची
निशिगंधा

नांदेड
६ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा हिस आशीर्वाद व जयभीम.

आधी त्याला पाण्याबाहेर काढ, मग पुढचे वाच. पाय हत्तीच्या पायांसारखे, खांबासारखे जाड असतील तर ते जमिनीवरचे कासव आहे. टाकीत ते बुडत होते. जावईबापूंना सांग, वाढदिवसाला केक आणतात.

आता घर बांधू. लाकडाची उथळ, रुंद पेटी घे. काच नको: तिच्यापलीकडचे दिसते, म्हणून ते वाट समजून धडकत राहते. तळाशी माती आणि नारळाचा भुसा, किंचित ओलसर. एका टोकाला उष्णता देणारा दिवा, दुसरे टोक गार. कासवाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही, ते चालत जाऊन ती निवडते. किती सुंदर व्यवस्था आहे बघ. कवच घट्ट व्हायला लागणारे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, म्हणून अतिनील किरणांची नळीही लाव. लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा, पाण्याला उथळ ताटली, खायला हरळी आणि जास्वंदीची पाने.

एक विचारते. तुझ्या पत्रात त्याची पाठ कुठेच नाही. ती कशी दिसते?

तुझी
आत्या

कुकटपल्ली
१० नोव्हेंबर २०२५

ती. आत्यांस सविनय जयभीम. वि. वि.

पेटी केली. पिल्लाने डोळे उघडले, काल जास्वंदीचे पान खाल्ले. तन्वी नाचली.

पाठीबद्दल लिहायचे मी टाळले होते. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या आहेत. आदर्श यांच्या एका सहकाऱ्याने फोटो पाहून विचारले, हे घरात ठेवता, जेलात जायचे आहे काय? तेव्हापासून बेल वाजली की तन्वी धावत जाऊन आधी टाकीवर, आता पेटीवर चादर टाकते. आम्ही तिला तसे शिकवले नाही. आमचे चेहरे पाहून शिकली. परवा ती चादर दिव्याला टेकून करपली. आदर्श म्हणतात, गुपचूप तलावाकाठी सोडून येऊ.

तुमची घाबरलेली
निशिगंधा

नांदेड
१३ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा हिस आशीर्वाद.

मलाही भीती वाटते आहे. ती लपवत नाही. तारा-कासव पाळणे कायद्याने गुन्हा आहे. पण तलावाकाठी सोडणे म्हणजे घारीच्या पुढ्यात वाढणे. कवच अजून नखाएवढेही कठीण नाही. वनखात्याला स्वतः फोन करा, खरे ते सांगा. काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. एवढे ठाऊक आहे की हा प्राणी कित्येक दशके जगतो. तन्वीने म्हातारी होईपर्यंत चादर टाकत राहायचे का?

नेताना पेटीतली थोडी माती बरोबर द्या. ओळखीच्या वासाने ते कमी बिचकेल.

तुझी
आत्या

कुकटपल्ली
१९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यांस सविनय जयभीम. वि. वि.

पिल्लू दिले, मातीसकट. अधिकाऱ्यांनी ते तळहातावर फिरवून पाहिले, जगेल म्हणाले. मग आदर्श यांचा जबाब घेतला. विकणाऱ्याबद्दल पुन्हा विचारायला येतील. आदर्श नीट जेवत नाहीत. तन्वी माझ्याशी अबोला धरून बसली आहे, तरी रिकाम्या पेटीतला दिवा सकाळी तीच लावते.

हे लिहिताना बेल वाजली. तन्वी सवयीने उठली, पेटीपर्यंत गेली, चादर उचलली, घडी करून खाली ठेवली आणि दार उघडायला निघाली. मीही तिच्यामागे जाते. लोभ तुमचा आहेच, तो आज जरा जास्त असू द्या.

तुमची
निशिगंधा