शेवटच्या कडव्याआधीचं एक मिनिट

११ मे १९९८, सोमवार

कारखान्यात पोटदुखीचं कारण सांगून सेकंड शिफ्टला दांडी. निमोण्याहून एसटीने शिरूर. सम्राटच्या वस्तीत बुद्धपौर्णिमा, खिरीचं आमंत्रण होतं. सम्राट आमच्या बँडचा ड्रमर. त्याची बहीण दीक्षा गाते, डी.एड.ला आहे. दौंडचा जालिंदर कॅसिओ वाजवतो. लीड गिटार, लीडर आणि व्हिजन मी. बँडचं नाव 'घोडनदी थंडर'. अजून जाहीर कार्यक्रम झालेला नाही. क्वालिटीत तडजोड नको म्हणून.

टीव्हीवर बातमी आली. राजस्थानात अणुस्फोट. बाजारपेठेत लगेच फटाके सुरू. सम्राटचे आजोबा, ज्ञानदेव आबा, खीर वाढत होते. त्यांनी पळी पातेल्यात तशीच सोडली. म्हणाले, आज? आजच्याच दिवशी? कुणाला काही बोलायला सुचेना.

मला मात्र सुचलं. यावर रॉक साँग झालं पाहिजे. आणि ते मीच करणार.

दोन वाट्या खीर खाऊन शेवटच्या गाडीने परत.

१२ मे

नवी चाल करत बसण्यापेक्षा 'अंकिता'ची चाल वापरतोय. ते गाणं तसंही रिकामंच पडलंय. अंकिताचा गेल्या महिन्यात न्हावऱ्याला साखरपुडा झाला. जिथे जिथे 'अंकिता' होतं तिथे 'अणुबाँब' घातलं. मात्रा तंतोतंत बसल्या! 'अणुबाँब, तुझे डोळे' हे एकच कडवं जरा अडतंय.

संध्याकाळी दीक्षाला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, जयदादा, मी जरा बघू का? नवोदितांना संधी दिली पाहिजे. दिली.

१५ मे

दीक्षाने सगळंच बदललंय. चालसुद्धा. सुरुवात अशी:

खीर निवली पानात,
आवाज आला कानात,
आज पुनवेच्या दिवशी
कुणी पेरलं हे रानात?

बरं आहे. मूळ प्रेरणा माझीच असल्यामुळे उतरलंय. पुढे दोन कडवी, मग सम्राटने ड्रमवर बाँब टाकायचा, मग एक मिनिट संपूर्ण शांतता. सगळ्यांनी नुसतं उभं राहायचं. आणि मग शेवटचं कडवं. ते ती अजून लिहितेय. म्हणाली, समदं गाणं त्या कडव्यासाठीच हाय.

मी लगेच डिसिजन घेतला. शेवटच्या कडव्यावर माझा गिटार सोलो.

दीक्षा म्हणाली, मग शब्द ऐकू येणार नाहीत. तिला समजावलं, रॉकमध्ये शब्द ऐकायचे नसतात, फील करायचे असतात. ती गप्प बसली. पटलेलं दिसतंय.

२४ मे

आमच्या कांदाचाळीत पहिली प्रॅक्टिस. दीक्षा शेवटचं कडवं पूर्ण करून आली. तिने ते म्हणून दाखवलं तेव्हा माझी गिटार ट्यून होत नव्हती. नंतर म्हटलं तेव्हा माझा सोलो चालू होता. सम्राट आणि जालिंदर मात्र एकदम गंभीर झाले. माझा सोलो किती परिणामकारक आहे ते कळलं.

आई बाहेरून ओरडली. म्हणाली, आरं बाँब पडला तिकडं वाळूत, आन् तू हितं कशापायी वराडतो? मेंढरं होती तवा बी येवढा कालवा नव्हता. आईला मी दोष देत नाही. क्रांतिकारकांच्या घरचे लोक नेहमी असेच असतात.

२८ मे

पाकिस्ताननेही स्फोट केले. म्हणजे गाणं आता आंतरराष्ट्रीय झालं. कॅसेट काढून एक दिल्लीला, एक इस्लामाबादला पाठवणार. दोघांना एकाच दिवशी मिळाली पाहिजे, नाहीतर गैरसमज व्हायचा.

७ जून

दौंडला रेकॉर्डिंग. स्टेशनजवळ हौशीराम म्हणून एक जण भजनांच्या कॅसेट करतो. दोन वेळा मालगाडी आडवी गेली. तिसऱ्यांदा सगळं जमून आलं. मी सोलो तर असा वाजवला की स्वतःलाच भरून आलं.

मग कळलं, शांतता सुरू झाली तेव्हाच हौशीरामने मशीन बंद केलं होतं. म्हणाला, तुम्ही गप झाला, मला वाटलं सपलं. परत घेऊ म्हटलं तर बाहेर हरिपाठाचं मंडळ ताटकळत होतं.

कॅसेट अर्धीच आहे. दिल्लीला पाठवली नाही. अर्धवट निषेध बरा दिसत नाही.

१८ जुलै

सहा ऑगस्टला शिरूरच्या हॉलमध्ये शांतता समितीचा कार्यक्रम. आमचं गाणं ठरलं! अटक होण्याची दाट शक्यता. एक पिशवी भरून ठेवली: टॉवेल, ब्रश, लेंगा, रिकामी वही. सुपरवायझर शंकररावांना स्पष्ट कल्पना दिली की मला तुरुंगात जावं लागेल. ते म्हणाले, जा की, पण बिनपगारी धरीन.

६ ऑगस्ट

वाईट दिवस. हिरोशिमासाठीही आणि आमच्यासाठीही.

हॉल अर्धा भरला होता. आबा काठी टेकत आले, पहिल्या रांगेत बसले. दीक्षा फार सुंदर गायली. सम्राटने बाँब टाकला. शांतता सुरू झाली. आणि सूत्रसंचालक माइक घेऊन पुढे. म्हणाला, अतिशय बहारदार गीत, आता आभारप्रदर्शन. मी खुणा केल्या. त्याला वाटलं माझेही आभार मानायचे राहिले. मानले.

लोक चहाकडे गेले. आबा जागचे हलले नाहीत. मला विचारलं, संपलं का? म्हटलं, नाही आबा, एक कडवं राहिलं. ते म्हणाले, घरी पोरगी म्हणंना मला. म्हणती, लोकांत उभं राहून म्हणीन तवाच ऐका. त्या दिवसापासनं मनात कायतरी आडकलंय बघा. ते ऐकलं की मोकळा होईन.

मी आबांना शब्द दिला, पुढच्या वेळी पूर्ण ऐकवतो. माझी जबाबदारी.

पोलीस आले नाहीत. पिशवी परत आणली. टॉवेल लागलाच नसल्याने आंघोळीला वापरला.

३० ऑगस्ट

सणसवाडीचा गणपती. आबांना रिक्षाने आणलं. निवेदकाला आधीच दहा वेळा सांगितलं, आम्ही गप्प झालो तरी गाणं चालू आहे. त्याने मान डोलावली. सगळं नीट चाललं होतं. बाँब पडला, शांतता झाली, निवेदक शहाण्यासारखा गप्प. मला वाटलं जिंकलो.

तेवढ्यात स्टेजवर हवालदार चढला. म्हटलं, आला तो क्षण. गिटार काढून दोन्ही हात पुढे केले. त्याने हातात नारळ दिला. म्हणाला, जरा धरा, साहेब आलेत. मागून मंडळाचे अध्यक्ष, शाली, हार. फौजदारसाहेबांचा सत्कार, मग सरपंचांचा, मग ज्याने मांडव दिला त्याचा. कुणीतरी नारळ परत घेऊन गेला. शेवटी माइकवरून नाचायच्या गाण्याची फर्माईश आली आणि जालिंदरने बेइमानी करून ते सुरूही केलं.

हवालदाराला विचारलं, आमच्यावर काही कारवाई? तो म्हणाला, कशाबद्दल?

आबा रिक्षात बसून वाट पाहत होते. पुढच्या वेळी नक्की, मी म्हटलं. आबा म्हणाले, व्हय व्हय.

६ डिसेंबर

जालिंदर बँड सोडून गेला. दौंडच्या लग्नाच्या बँडात कायम झाला, युनिफॉर्म मिळाला. जाताना एक बरं केलं म्हणे: परवाच्या वरातीत त्याने आपलं गाणं वाजवलं. शांतता आली तशी सगळी वरात थांबली. नवरदेवाचे मामा धावत आले, पोरांनो काय कमीजास्त असंल तर देतो पण वाजवा! दोन मामांत भांडण लागलं, जबाबदारी कुणाची म्हणून. शेवटचं कडवं राहिलं ते राहिलंच.

कॅसिओशिवाय साउंड अधिक रॉ होईल. हे माझ्या मनात आधीपासून होतं.

१४ फेब्रुवारी १९९९

सम्राटने सांगितलं, आबांना हिवाळ्यात दम्याने धरलं. पडून असतात. दोनदा विचारलं म्हणे, त्या निमोण्याच्या पोराचं काय झालं?

फार लागलं. उद्यापासून रोज दोन तास प्रॅक्टिस.

१५ फेब्रुवारी

ओव्हरटाइम लागला. उद्यापासून.

२ एप्रिल

दीक्षाचं लग्न ठरलं. सोलापूरकडचा शिक्षक आहे. जूनमध्ये जाणार. म्हणजे बुद्धपौर्णिमा हाच शेवटचा चान्स. यंदा ती तीस एप्रिलला. त्यांच्याच वस्तीत, त्यांचेच लोक, तिथे ना सत्कार ना आभार. आबांना खुर्चीत बसवून बाहेर आणणार आहेत.

दीक्षाने एक विनंती केली: शेवटच्या कडव्यावर सोलो नको. मी मोठ्या मनाने विचार करतो म्हणालो. विचार केला. सोलो ठेवणार, पण हळू. अँप्लिफायर भाड्याने मोठा सांगितलाय, म्हणजे हळूसुद्धा नीट ऐकू जाईल.

३० एप्रिल, सकाळ

आज. पोटदुखीची रजा टाकली. शंकरराव म्हणाले, एकदा दाखवून घे, दर पुनवेला कसं दुखतं? नवा शर्ट. अटकेची पिशवी नेत नाही. आज फक्त आबांसाठी वाजवायचं.

३० एप्रिल, घरी आल्यावर

जसं झालं तसं लिहितो.

अंधार पडता पडता पोचलो. अँप्लिफायर जोडला, आवाज तपासायला बटण पूर्ण फिरवलं, आणि सगळ्या वस्तीची लाईट गेली. अर्धा तास थांबलो. आबांना खोकला येत होता. सम्राट म्हणाला, थांबायला नको. त्याने ढोलकी घेतली. दीक्षा तशीच उभी राहिली, माइकशिवाय. मी गिटार गळ्यात अडकवून तिच्या शेजारी. गिटारला करंट नाही म्हणजे मला काम नाही.

तिने सुरू केलं. एवढं स्पष्ट मी ते गाणं कधी ऐकलं नव्हतं. खीर वाढणाऱ्या बाया हातातलं भांडं खाली ठेवून जवळ आल्या. ताईबाई, सम्राटची आई, पदर तोंडाला लावून उभी. ढोलकीवर एक जोराची थाप पडली आणि थांबली.

आणि शांतता झाली. खरी. कुणी खोकलं नाही, आबासुद्धा नाही. सगळी वस्ती उभी होती. ज्याच्यासाठी वर्षभर धडपडलो ते समोर होतं. आणि मला, काय सांगावं, रिकामं उभं राहवेना. सोलो हळू वाजवायचा होता ना, तो डोक्यात पक्का करावा म्हणून मी तारांवरून बोटं फिरवू लागलो. करंट नव्हताच. आवाज होणार नव्हता.

लाईट आली.

मी आयुष्यात एवढा मोठा आवाज ऐकलेला नाही. लेकरं किंचाळली. एका बाईच्या हातून ताट पडलं. दीक्षा मागे सरकली. मी तारांवर हात दाबून धरला तर अँप्लिफायर शिट्टी मारायला लागला, बटण सापडेना. मग गल्लीतून सगळीकडून ओरडा, आली, आली! लाईट आली की ओरडतात तसा. माळा लागल्या, कुणी टेप सुरू केला, बाया खिरीकडे वळल्या. आबांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती.

मी जाऊन पाया पडलो. ते म्हणाले, मिनिट पुरं व्हायचं व्हतं. रागाने नाही म्हणाले. मग म्हणाले, ऱ्हाऊ द्या, लाईट काय तुमच्या हातात हाय व्हय.

दीक्षा आली. माझ्याकडे बघितलं नाही. आबांच्या खुर्चीपाशी खाली बसली, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि शेवटचं कडवं म्हणायला लागली. फक्त त्यांना. टेपच्या आवाजात मला ओठ हलताना दिसत होते. आबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांचे गाल भिजले आणि ते नुसती मान हलवत राहिले, बराच वेळ. सम्राटही तिथे बसून ओठांतल्या ओठांत म्हणत होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते कडवं काय आहे, मला ठाऊक नाही. ती म्हणायची तेव्हा दर वेळी मी वाजवत होतो. एक शब्दसुद्धा आठवेना.

तिला विचारावं म्हणून दोनदा पुढे झालो, दोनदा मागे फिरलो. बँडचा लीडर मी. काय तोंडाने विचारू?