उंबऱ्याचे पाच सेंटिमीटर

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. रागावू नका, रागावण्यासारखं पुढे भरपूर आहे.

आधी कामाचं. तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बदलून झाली. खालून पार कुजली होती. तुम्ही दवाखान्यात गुडघा दाखवायला गेला होतात, तेवढ्या दिवसात मी आणि माझा कारागीर दोघांनी जुनी उतरवून नवी बसवली. सुतारकाम करणारी मुलगी म्हणून तुम्ही चारचौघांत मला कधी मिरवलं नाहीत, पण चौकट फुकटात झाली हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

त्या जुन्या चौकटीच्या उभ्या लाकडावर तुम्ही ठोकलेली मापपट्टी आठवते ना? आणि शेजारी चिकटवलेला तो तक्ता? विमा कचेरीत विमा घ्यायला आलेल्यांची उंची-वजनं नोंदवण्यात तुमची नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि तिथला एक तक्ता तुम्ही घरी आणलात. डावीकडे उंची, वर वय, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकोनात माणसाचं योग्य वजन. दर रविवारी सकाळी सात वाजता, पायात काही न घालता, आधी काट्यावर आणि मग काट्यावरून उतरून चौकटीला पाठ लावून. तुमचं बोट तक्त्यावरून सरकायचं. आकडा चुकला की न्याहारी बंद. पाहुणे असले तर आकडा मोठ्यानं. ‘गोणी’ हे नाव तुम्ही मला पाहुण्यांसमोरच दिलंत, आणि सगळे हसले म्हणून तेच चिकटलं.

आईनं तिच्या परीनं मला वाचवायला पाहिलं. शनिवारी दुपारी तुम्ही झोपलात की ती काट्याखालचं चाक दोन किलोंनी मागे फिरवायची. तीन आठवडे घरात आनंदीआनंद होता, कारण त्याच काट्यावर तुमचंही वजन उतरलं होतं आणि तुम्ही शीळ घालत आंघोळीला जात होता! मग कचेरीतल्या काट्यानं घात केला. त्यानंतर आपला काटा तुमच्या कपाटात कुलपात गेला आणि पंधरा दिवस तुम्ही आईशी बोलला नाहीत. ती बिचारी त्या पंधरा दिवसांतही तुमच्या आधी जेवली नाही. आज ती असती तर हे पत्र मी कदाचित फाडलं असतं. ती नाही, म्हणून टपालात टाकणार आहे.

सोळाव्या वर्षी मी चक्कर येऊन आरेखनाच्या परीक्षेच्या हॉलमध्ये पडले. तिसरा पेपर, इमारतींच्या नकाशांचा. त्या रविवारी दीड किलो जास्त भरले होते, म्हणून दोन दिवस फक्त चहावर होते. पुढच्या वर्षी परत बसायचं नाव मी काढलं नाही, तुम्हीही काढलं नाहीत. मला लाकूड आवडतं, हातात कसब आहे, चार माणसं माझ्या दुकानात काम करतात. पण माझ्या मनात घरं आखायची होती, दारं बसवायची नव्हती.

आता त्या चौकटीची गोष्ट. आमच्या धंद्यात कुठलंही माप घेताना टेपचं टोक आधी फरशीला टेकवतात. हात आपोआप जातो. त्या दिवशीही गेला, आणि मी तशीच खाली बसले. तुमच्या पट्टीचं शून्य फरशीवर नव्हतंच. तुम्ही ती उंबऱ्याच्या वरच्या कडेपासून ठोकली होती. उंबरा पाच सेंटिमीटर उंच. तुम्ही स्वतः मापाला नेहमी उंबऱ्यावर चढून उभे राहायचात, एकशे सत्तरच्या खिळ्याला टाळू लागते का बघायची तुम्हाला हौस होती. मी आणि आई मात्र फरशीवर. एकशे अठ्ठावन्नची मी तुमच्या हिशेबी एकशे त्रेपन्न होते. तक्त्यात पाच ओळी पुढे सरकून बघितलं, बाबा. मी कधीच जाड नव्हते.

तक्ताही पहिल्यांदाच नीट वाचला. तो वयाच्या विसाव्या वर्षापासून सुरू होतो. वाढत्या पोरांसाठी तो नाहीच. तुम्ही मला विसाच्या रकान्यात कोंबलंत. हे तुम्हाला माहीत होतं का, असं मी विचारणार नाही. ‘नव्हतं’ म्हणालात तर मला तुमची कीव येईल, आणि ती मला करायची नाही.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण तुमची नात सुट्टीत आठ दिवस तुमच्याकडे राहून आली, तेव्हापासून अर्धं ताट बाजूला सारते. बारा वर्षांची पोर शाळेत निघताना पोट आत ओढून आरशासमोर उभी राहते. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, ‘आजोबांनी मापलं, आणि ते मला छोटी गोणी म्हणतात.’ ते लाडानं म्हणालात, हे मला ठाऊक आहे. मलाही लाडानंच म्हणायचात.

तुमचा निरोप मिळाला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की जिने चढवणार नाहीत, म्हणून माझ्याकडे राहायला यायचं म्हणता. या. खोली तयार आहे. तुमच्या जुन्या चौकटीचं ते उभं लाकूडही मी जपून आणलंय आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलंय, या वेळी कुजलेलं टोक कापून, शून्य फरशीला टेकवून. पहिल्याच रविवारी, सकाळी सात वाजता, तुम्ही नातीसमोर अनवाणी त्याला पाठ लावून उभे राहायचं. वयानं माणूस आखूड होतो, खिळ्यापर्यंत टाळू आता पोचणार नाही, ते तिला बघू द्यायचं. मग काट्यावर. आकडा मी मोठ्यानं वाचीन. आणि मग तुम्ही तिला, तुमच्या तोंडानं सांगायचं की आजोबांचं माप चुकलं होतं, तिचं आणि तिच्या आईचंही. त्यानंतर आपण तिघं जेवायला बसू. ती ताटात जेवढं शिल्लक टाकेल, तेवढंच मी तुमच्या ताटातून काढून घेईन. रोज. ती पोटभर जेवायला लागेल, त्या दिवशी तुम्हीही पोटभर जेवाल.

तुमचीच,
गोणी